डेबियनची पॅकेजं सांभाळायला माणसं हवी आहेत

सप्रेम नमस्कार.

जुन्या संगणकांवर लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली बसवून देणं, शाळांतून मराठी टंकलेखन शिकवणं ही आमच्या मंडळाची कामं गावात बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. यंदा थोडं मुळाकडे जायचं ठरवलं आहे. जे सॉफ्टवेअर आपण इतकी वर्षं फुकट घेऊन वाटत आलो, ते जिथे तयार होऊन येतं त्या डेबियन प्रकल्पात, म्हणजे जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून चालवलेल्या लिनक्स-प्रणालीच्या कामात, आपल्या भागातले स्वयंसेवक उभे करायचे आहेत. या आवाहनात वर्गणी मागितलेली नाही. तुमच्या महिन्यातले काही तास मागितले आहेत.

डेबियनची घोषणा इयान मर्डॉक याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. तेव्हापासून आजवर तिची मालकी कोणत्याही कंपनीकडे गेलेली नाही. उबुंटू ही दुसरी लोकप्रिय लिनक्स प्रणाली तिच्यावर उभी आहे, रास्पबेरी पायच्या इवल्या संगणकावरची प्रणाली तिच्यावर उभी आहे, सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही प्रणालीही तिच्यावरच बेतलेली आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियनची तेरावी आवृत्ती ‘ट्रिक्सी’ बाहेर पडली. तिच्यात ६९,८३० पॅकेजं, म्हणजे थेट बसवता येतील अशी बांधून ठेवलेली सॉफ्टवेअरं, आहेत. त्यांतली १४,१०० हून अधिक नव्याने आली, आणि ८,८४० हून अधिक जुनी कालबाह्य ठरवून काढून टाकली गेली. या प्रत्येक पॅकेजापुढे ते सांभाळणाऱ्या माणसाचं किंवा गटाचं नाव असतं. त्यातले बहुतेक जण नोकरी, अभ्यास, घर सांभाळून हे काम करतात. कुणाची नोकरी बदलते, कुणाच्या घरी आजारपण येतं, कुणाचा उत्साह संपतो, आणि पॅकेज मागे राहतं. डेबियनमध्ये अशा पॅकेजांना अनाथ म्हणतात आणि त्यांची यादी उघड असते. ती कधीही पाहा, शेकडो नावं सापडतील.

एकट्या माणसावर भार टाकला की काय होतं हे मार्च २०२४ मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारं छोटंसं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असतं. कित्येक वर्षं एकच जण ते फावल्या वेळात सांभाळत होता आणि थकला होता. मदतीच्या नावाने कुणीतरी आलं, दोन वर्षांहून अधिक काळ नीट काम करून विश्वास कमावला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत परक्याला गुपचूप यंत्रात शिरू देणारी चोरवाट घुसवली. नवी पॅकेजं आधी जिथे येतात त्या डेबियनच्या अनस्टेबल शाखेपर्यंत ती पोहोचलीही होती. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला आपल्या डेबियन यंत्रावर लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. त्याने खोदून काढलं आणि २९ मार्चला जाहीर केलं, म्हणून स्टेबल, म्हणजे पारखून झालेली पक्की आवृत्ती वापरणारे बचावले. यावरून काही जण म्हणतात, नव्या माणसांना दारातच अडवा. आमचं मत नेमकं उलट आहे. त्या मेंटेनरच्या, म्हणजे सांभाळणाऱ्याच्या, जोडीला तीन-चार ओळखीचे, भरवशाचे हात असते तर अनोळखी मदतीवर सगळी भिस्त ठेवायची पाळीच आली नसती. नवी माणसं घ्यायला हवीत, ती सावकाश आणि पारखून घ्यायला हवीत, आणि ही पारख डेबियनमध्ये रोजच्या कामातच होत असते.

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते सांगतो, कारण ‘आपल्याला प्रोग्रॅमिंग येत नाही’ असं म्हणून फार जण आधीच मागे सरतात. मूळ प्रोग्रॅम दुसऱ्या कुणी लिहिलेला असतो. मेंटेनर तो घेऊन त्यात ‘डेबियन’ नावाची एक फोल्डर ठेवतो. तिच्यातल्या कंट्रोल फायलीत पॅकेजाचं नाव, वर्णन आणि ते चालायला आणखी काय काय लागतं हे लिहायचं. चेंजलॉगमध्ये काय बदललं ते. वॉच फायलीत मूळ लेखकाची नवी आवृत्ती कुठे शोधायची ते. कॉपीराइट फाइल म्हणजे सगळ्यात कष्टाची जागा: प्रत्येक फायलीचा हक्क कुणाकडे, परवाना कोणता, एखादं चित्र किंवा टंक (फॉन्ट) भलत्याच अटींवर आत आलेला नाही ना, हे डोळ्यात तेल घालून वाचावं लागतं. वकिली केलेली, दस्त नोंदवलेली, मुद्रितं तपासलेली माणसं हे काम तरण्या प्रोग्रॅमरपेक्षा चांगलं करतील अशी आमची खात्री आहे. मग दुसरं काही बसवलेलं नाही अशा कोऱ्या वातावरणात पॅकेज बांधून पाहायचं, ‘लिंटियन’ या तपासणीच्या साधनाने दाखवलेल्या चुका दुरुस्त करायच्या, लोकांनी कळवलेले बग, म्हणजे प्रोग्रॅममधले दोष, वाचायचे, ते खरे आहेत का हे आपल्या यंत्रावर घडवून पाहायचे, आणि दुरुस्ती मूळ लेखकाकडे पोहोचवायची. शेवटच्या कामाला तर कोडपेक्षा गोड बोलणं आणि चिकाटी जास्त लागते.

हे तयार केलेलं पॅकेज तुम्ही डेबियनच्या संग्रहात थेट टाकू शकत नाही. एखादा अधिकृत डेबियन डेव्हलपर ते तपासतो, सुचवण्या देतो, पटलं की स्वतःच्या सहीने चढवतो. त्याला स्पॉन्सर म्हणतात. पॅकेज अगदीच नवं असेल तर संग्रह सांभाळणारा गट परवाने पुन्हा तपासतो. त्यानंतर ते अनस्टेबलमध्ये जातं, दोन ते दहा दिवसांत गंभीर बग निघाला नाही तर टेस्टिंग या चाचणीच्या शाखेत, आणि साधारण दर दोन वर्षांनी जी स्टेबल आवृत्ती निघते तिच्यातून ते जगभर पोहोचतं. बरंच काम हातून झालं, आधीच्या डेव्हलपरांनी प्रत्यक्ष भेटून तुमची ओळख पटवली आणि तुमच्या डिजिटल किल्लीवर (सहीसाठी वापरायच्या संगणकी ओळखीवर) सही केली, की पुढे स्वतः चढवण्याचा अधिकारही मिळतो.

मराठी माणसाची इथे खास गरज आहे. आपण ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाने लिहितो. एकाच देवनागरी टंकात दोन्ही वळणं असू शकतात, आणि भाषा मराठी निवडली की मराठी वळण दिसायला हवं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला र वेगळा उमटायला हवा. जर्मनीत किंवा ब्राझीलमध्ये बसून टंकाचं पॅकेज सांभाळणारा माणूस कितीही मेहनती असला तरी हे त्याच्या नजरेला कसं पडणार? लोहित देवनागरीसारखा टंक सुधारण्यात पुण्यात काम करणाऱ्यांचा मोठा वाटा आहे, डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो तोही स्वयंसेवकांच्या भाषांतरामुळे. टंक, कीबोर्डचे आराखडे, शब्दतपासणीचे कोश ही पॅकेजं आकाराने लहान, नवख्याला झेपणारी, आणि त्यांचा उपयोग आपल्याच शाळांत, आपल्याच ग्रामपंचायतीत होणारा. आमच्या मते सुरुवात तिथूनच व्हावी. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनचं जागतिक संमेलन कोचीत भरलं होतं, त्यामुळे या कामासाठी आता परदेशाकडे पाहायची गरज उरलेली नाही. भारतात हे काम जाणणारी मंडळी आहेत आणि ती शिकवायला आनंदाने तयार असतात.

म्हणून डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी यावं, शिक्षकांनी यावं, निवृत्त झालेल्यांनी तर जरूर यावं. मुलींनी आणि गृहिणींनी संकोच करू नये. बैठक दिवसाउजेडी आणि सगळ्यांसमोर असते, घरून काम करणाऱ्यांनाही आम्ही दूरध्वनीवर साथ देऊ. इंग्रजी कच्चं असेल तर बग-अहवाल लिहिताना शेजारी बसणारं कुणीतरी असेल. पहिल्या बैठकीत कुणालाही पॅकेज अंगावर घ्यायला सांगणार नाही. आधी दुसऱ्याने बांधलेलं पॅकेज बांधून पाहायचं, मग जुन्या पॅकेजातली एखादी चूक दुरुस्त करायची, आणि हात बसल्यावरच अनाथांच्या यादीतलं एखादं निवडायचं, तेही शक्यतो दोघांनी मिळून. एक विनंती मात्र आधीच करून ठेवतो: घेतलेलं पॅकेज पुढे जमेनासं झालं तर गप्प राहू नका, सांगून सोडा. सोडण्यात कमीपणा नाही, पण न सांगता सोडलेल्या पॅकेजातले सुरक्षेचे बग तसेच पडून राहतात आणि त्याची झळ वापरणाऱ्याला बसते.

ज्यांना वेळ देता येणार नाही त्यांनी आणखी काही प्रकारे मदत करावी. आठ जीबी मेमरीचे वापरात नसलेले लॅपटॉप हवे आहेत, पॅकेज बांधायला तेवढी ताकद पुरते. भरवशाचं इंटरनेट असलेली खोली महिन्यातून एक दिवस कुणी दिली तर सध्याच्या जागेची अडचण सुटेल. मुंबई-पुण्यात, बंगळूरात किंवा परदेशात असलेल्या आपल्या गावच्या मुलामुलींपैकी कुणी डेबियन डेव्हलपर असेल, तर त्यांनी आमच्या नवख्यांची पॅकेजं तपासायला घ्यावीत. हे दान आम्हाला सगळ्यात मोलाचं आहे, कारण स्पॉन्सर मिळेपर्यंत थांबून थांबून नवी माणसं निघून जातात.

बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते एक, सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होते. इच्छुकांनी वाचनालयातल्या वहीत नाव, गाव आणि सवडीचे वार लिहून ठेवावेत. लॅपटॉप असल्यास आणावा, नसल्यास तसंच यावं. डेबियन आधी बसवून आणायची गरज नाही, ते तिथेच एकत्र करू.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते