शेततळ्यांची श्वेतपत्रिका आणि तुझा आक्षेप

पुणे,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. ‘वस्तुनिष्ठ लिहायचं म्हणजे कुणालाच न दुखावता अंग काढून घ्यायचं,’ असं तू लिहिलं आहेस. ज्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतो, तिथल्या पाण्यावर विद्यार्थ्यांनी मोर्चा काढावा, श्वेतपत्रिका नव्हे, असंही तुझं म्हणणं. मला हे पटलेलं नाही. का ते सविस्तर लिहितो, कारण आमच्या विद्यार्थी-गटाच्या श्वेतपत्रिकेचा, म्हणजे शेततळ्यांवरच्या वस्तुस्थिती-अहवालाचा, खर्डा आता शेवटच्या टप्प्यात आहे आणि त्यातलं प्रत्येक वाक्य कुणाशी तरी भांडूनच जागेवर बसलं आहे.

विषय तुला ठाऊक आहे: सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याची शेततळी. डाळिंबाच्या बागा आणि त्यांच्या शेजारी काळा कागद अंथरलेली ती चौकोनी तळी. २०१६ मध्ये राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि ५० हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं. पावसाचं वाहून जाणारं पाणी शेतातच अडवावं, खंड पडला की पिकाला द्यावं, ही मूळ कल्पना. पण बागायतदाराचं तळं पुष्कळदा जमिनीच्या वर भराव घालून उभं केलेलं असतं. त्यात ओघळाचं पाणी शिरायला वाटच नसते. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मोटरने त्यात टाकतात आणि बहार धरला, म्हणजे झाडांना फुलोऱ्यावर आणलं, की ठिबकने बागेला देतात.

गटात आम्ही पाच जण. एकाच्या घरी डाळिंब आहे आणि तळंही आहे. एक मुलगी भूशास्त्राची. एक मुंबईचा, त्याने शेततळं पहिल्यांदा पाहिलं ते या कामामुळे. उरलेले आम्ही दोघं अर्थशास्त्राचे. पहिल्या बैठकीत भूशास्त्रवालीने फळ्यावर लिहिलं, ‘शेततळी भूजल संपवतात.’ बागायतदाराचा मुलगा उठून म्हणाला, ‘हे छापलंत तर माझं नाव काढा.’ प्रकल्प तिथेच मोडला असता. मग ठरलं की आधी जे कागदावर कुणालाही करून बघता येईल, तेवढंच करायचं.

ते गणित तूही करून बघ. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, एकास एक उताराचं तळं घे. त्यात २,१९६ घनमीटर पाणी मावतं, म्हणजे सुमारे बावीस लाख लिटर. त्याचं तोंड ९०० चौरस मीटरचं. चांगल्या वर्षी ५०० मिलिमीटर पाऊस पडला असं धर. थेट तळ्यात पडेल ४५० घनमीटर, जेमतेम एक पंचमांश. ओघळ आत येत नसेल तर बाकीचं पाणी जमिनीखालूनच आलं पाहिजे, यावर वाद संपला. आता उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर काठोकाठ भरलेल्या तळ्यातून रोज ७,२०० लिटर पाणी हवेत जातं. अशी तीन तळी म्हणजे रोज दोन टँकर. मुंबईकर ही बेरीज दोनदा करून गप्प बसला.

पण बागायतदाराच्या मुलाचा मुद्दाही तितकाच खरा होता. आपल्याकडे मुरमाखाली पाषाण. त्यात पाणी मावतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांत, तेही थोडंच. ऑगस्ट-सप्टेंबरात विहिरी तुडुंब असतात, आणि तेव्हा उपसलं नाही तर त्यातलं बरंचसं ओढ्याला लागून निघून जातं, जानेवारीपर्यंत थांबत नाही. ‘भरल्या विहिरीतून घेतलं तर कुणाचं काय गेलं?’ हा त्याचा सवाल. आंबे बहार धरायचा म्हणजे जानेवारीत ताण सोडायचा, म्हणजे फुलोऱ्यासाठी तोडलेलं पाणी पुन्हा सुरू करायचं, आणि ऐन उन्हाळ्यात फळ पोसायचं. वर साठा नसेल तर बाग वाळते आणि बागेवरचं कर्ज तसंच राहतं. भूशास्त्रवालीला हे उडवून लावता आलं नाही. तिने एवढंच विचारलं, ‘मोटर नेमकी कोणत्या महिन्यात चालते?’

आमची अख्खी प्रश्नावली या एका सवालाने बदलली. ‘तळं पावसाने भरता की विहिरीने?’ असं विचारलं की माणूस सावध होतो, अनुदानाची चौकशी आली की काय असं त्याला वाटतं. उत्तर येतं, ‘पावसाने.’ मोटर कधी चालू केली, कधी थांबवली, पुन्हा कधी लावली, हे विचारलं तर तो बोलतो, कारण वीज रात्री येते की दिवसा, हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय. भरल्या विहिरीतून ऑगस्टात उपसणं वेगळं आणि डिसेंबर-जानेवारीत बोअर लावून तळं पुन्हा भरणं वेगळं. शेजाऱ्याची उथळ विहीर आणि गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर यांच्यावर बेतते ती दुसऱ्या प्रकारात. फळ्यावरचं ते वाक्य आता असं आहे: ‘पावसाळ्यानंतर विहिरी-बोअरच्या पाण्याने पुन्हा भरली जाणारी शेततळी सामायिक भूजल एका शेतात हलवतात, आणि त्यातला काही भाग बाष्पीभवनाने गमावतात.’ याखाली पाचही जणांनी सही केली. बागायतदाराच्या मुलानेसुद्धा. सांग, यात अंग कुठे काढून घेतलं? पहिल्या वाक्याकडे दुर्लक्ष करणं सोपं होतं. हे वाक्य टाळायला कुणालाही जड जाईल.

२०१२ ची सिंचनाची श्वेतपत्रिका तुला आठवत असेल, तेव्हा आपण शाळेत होतो. ओलिताखालच्या क्षेत्राचं एकूण पिकाखालच्या क्षेत्राशी प्रमाण दहा वर्षांत १७.८ वरून १७.९ टक्क्यांवर गेलं, एवढंच त्या वर्षीच्या आर्थिक पाहणीत दिसलं आणि रान पेटलं. नोव्हेंबरात सरकारने श्वेतपत्रिका काढली, त्यातून वाढ बरीच मोठी दिसत होती. मी दोन्हीकडचं वाचून काढलं. एका बाजूला टक्केवारी, दुसऱ्या बाजूला निर्मित सिंचन क्षमता, म्हणजे प्रकल्पांमुळे भिजू शकेल एवढं क्षेत्र, आणि प्रकल्पांवरचं प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र. मोजायची वस्तूच वेगळी, मोजणारं खातंही वेगळं. सामान्य माणसाने कोणता आकडा घरी न्यायचा? म्हणून आमच्या प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा आहे, कुणी मोजला आणि कशाने भागला, हे लिहिलेलं आहे. वाचायला ते कंटाळवाणं होतं, मान्य. पण ते वगळणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणं, असं माझं ठाम मत झालं आहे.

आणि संयत भाषेला धार नसते असं म्हणू नकोस. गावोगावी पाणी अडवण्याच्या राज्य सरकारच्या ‘जलयुक्त शिवार’ योजनेवरचा कॅगचा, म्हणजे महालेखापरीक्षकांचा, २०२० चा अहवाल वाच. ९,६०० कोटींहून अधिक खर्च झाला आणि भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही, हे त्यात अगदी कोरड्या भाषेत आहे. त्यावर विधानसभेपासून पारापर्यंत वाद झाले. एखादी घोषणा इतकी वर्षं कुणाच्या घशात अडकलेली मी पाहिली नाही.

लिहिण्याची पद्धत अशी. दस्तऐवज एकच, सगळ्यांना उघडा. प्रत्येक विधानाला रंग: स्वतः मोजलेलं, सरकारी नोंदीतलं, कुणी सांगितलेलं, आणि आमचं अनुमान. रंग बदलायचा तर दोघांची संमती लागते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. पण आपल्या खडकात एका विहिरीवरून शेजारच्या शिवाराचं सांगता येत नाही, म्हणून आमची बरीच विधानं अनुमानाच्या रंगातच राहिली आहेत. मार्गदर्शक म्हणाले, एवढं अनुमान दाखवू नका, अहवाल कच्चा वाटेल. आम्ही पाचही जण अडून बसलो.

सगळ्यात जास्त कस लागला तो एका वेगळ्याच प्रश्नात. तळ्यांवर जाऊन मुलाखती घेतल्या की भेटतात ते तळ्याचे मालक. ज्यांच्याकडे जमीनच नाही, ज्या बायका टँकरच्या रांगेत असतात, त्या तळ्याच्या काठावर भेटणारच कशा? त्या यादीतूनच सुटतात, आणि मग अहवाल कितीही सभ्य लिहा, तो मालकाच्याच बाजूचा होतो. आम्ही यादी नव्याने केली, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून सुरुवात करून. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने सत्तरच्या दशकात पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटलं होतं, भूमिहीनांनाही वाटा दिला होता आणि उसाला मनाई केली होती. हिवरे बाजारला गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात. ही दोन्ही उदाहरणं आम्ही घेतली आहेत, आणि ती दुसरीकडे सहज का उभी राहत नाहीत, त्यावरही एक पान आहे.

आता तुझं काम. कायद्याचं प्रकरण सोबत पाठवतो आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या सातव्या कलमातल्या उदाहरणाप्रमाणे जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहात न वाहणारं पाणी उपसायचा हक्क जमीनमालकाचा. राज्याचा २००९ चा भूजल अधिनियम, जो २०१४ मध्ये अंमलात आला, साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आणतो आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांना संरक्षण देतो. पण उपसलेलं पाणी वर तळ्यात साठवण्याचं काय? इथे आमच्यात एकमत झालेलं नाही. तिघांचं म्हणणं, ऑक्टोबरनंतर तळं पुन्हा भरण्यावर ग्रामसभेने मर्यादा घालावी. दोघांचं म्हणणं, मर्यादा घालणारे गावातले तेच मोठे बागायतदार असतील, त्यापेक्षा अनुदानच ओघळावर भरणाऱ्या तळ्यांपुरतं ठेवावं. मी या दोघांतला. दोन्ही मतं आम्ही नावांसकट छापणार आहोत.

तू चळवळीतला आणि वकिलीचा अभ्यास करणारा, म्हणून आमच्यावर विश्वास ठेवून वाचू नकोस. समोरच्या पक्षाचा वकील वाचेल तसं वाच. जिथे आम्ही कुणाला झुकतं माप दिलंय असं वाटेल, तिथे समासात लाल पेनाने लिही, आणि कोणाला ते स्पष्ट लिही. पुढच्या गुरुवारी आमची बैठक आहे, त्याआधी पान आलं तर तुझे आक्षेप सगळ्यांसमोर वाचून दाखवीन. मोर्च्याबद्दलही त्या दिवशी बोलू. बागायतदाराचा मुलगा म्हणतो, टँकरच्या प्रश्नावर निघाला तर तोही येईल.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
जुना बाकसोबती