डबा रिकामा परत न करणाऱ्या बाईंना

बाई, तुम्हाला मिस म्हणायचं असतं हे लेकीनं मला दहादा सांगितलंय, पण माझ्या तोंडात बाईच येतंय.

शनिवारपासून सुट्टी लागेल, मग पोरं चौथीत जाणार आणि माझं बोलायचं राहून जाईल, म्हणून आज शिलाई मशीन बंद ठेवून लिहायला बसलेय. लेकीच्या मार्कांबद्दल हे पत्र नाही. संक्रांतीला मी तिळाच्या वड्या पाठवल्या होत्या ना, त्या स्टीलच्या डब्याबद्दल आहे.

पण आधीचं सांगितल्याशिवाय एका डब्याचं एवढं काय ते कुणाला कळणार नाही. पहिली-दुसरीला ती ज्या शाळेत होती तिथं पालक मीटिंगला मी मराठीत एक साधा प्रश्न विचारला, पोरगी वर्गात बोलत का नाही म्हणून. तर समोरच्या मॅडम म्हणाल्या, घरी मराठी बंद करा, तुमच्यामुळंच ती मागं पडतेय. माझ्या मागं चार आया नंबर लावून उभ्या होत्या, सगळ्यांनी ऐकलं. मी मान खाली घालून घरी आले आणि खरंच बंद केलं. रात्रीची गोष्ट बंद केली, कारण मला इंग्लिशमध्ये गोष्ट येत नाही. तिचे पप्पा शिरोलीला फाउंड्रीत आहेत, ते दमून यायचे आणि लेकीशी कम, सिट, ईट एवढंच बोलायचे, पुढचं त्यांना पण येत नव्हतं. सहा महिने आमच्या घरात पोरीशी धड कुणी बोललं नाही. शाळेत गप्प होतीच, घरात पण गप्प झाली. त्या शाळेत थँक्यू डे पण असायचा, आभार मानायचा दिवस, चकचकीत कार्ड, पाठ करून घेतलेली चार वाक्यं आणि मग फोटो. लेकीनं कार्डावर 'आई' लिहिलं तर ते लाल पेनानं खोडून वर मदर लिहून आलं. ते कार्ड तिनं मला दिलंच नाही, दप्तराच्या तळाला चुरगाळलेलं सापडलं.

तुमच्याकडं तिसरीत आली तेव्हा पहिल्याच भेटीत तुम्ही खुर्ची ओढून दिलीत आणि मराठीत बोललात. म्हणालात घरात मराठीच बोला, भरपूर बोला, मराठीत जे पक्कं झालंय तेच तिला इंग्लिशला उपयोगी पडणार आहे. कॅनडातल्या जिम कमिन्स नावाच्या अभ्यासकांचं म्हणणं तुम्ही मला सोपं करून सांगितलंत, की नव्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरतं यायला पोरांना साधारण २ वर्षं लागतात, पण पुस्तकातली, अभ्यासाची भाषा अंगात मुरायला ५ ते ७ वर्षं. आणि सुरुवातीला बरीच पोरं नुसतं ऐकत बसतात, ते मठ्ठपणाचं लक्षण नाही. बाई, दोन वर्षं मी माझ्या पोरीला मठ्ठ समजत होते. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात पण लिहिलंय की होता होईल तेवढं मुलाच्या मातृभाषेतनं शिकवावं, हे पण तुमच्याकडनंच कळलं. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते आमच्यासारख्यांच्या घरात अक्षर यावं म्हणूनच ना. त्याच कोल्हापुरात आईनं शाळेत मराठी बोलायला घाबरायचं, ह्याचा मला अजून राग येतोय.

मग तुमची ती शुक्रवारची चिठ्ठी सुरू झाली. ज्याला वाटतंय त्याला लिहा, घरच्या भाषेत लिहा, कुणी खोडणार नाही. गोकाककडचं एक पोरगं कन्नड बोलतं पण त्याला लिहिता येत नव्हतं, तर त्यानं चित्र काढलं आणि तुम्ही त्याच्याकडनं धन्यवादगळु शिकून सगळ्या वर्गाला शिकवलंत, लेक आठवडाभर घरात तेच म्हणत होती. तिची पहिली चिठ्ठी पप्पांना होती. 'पप्पा तुमचा हात भाजलाय तरी तुम्ही माझी वेणी घातली.' मी तेव्हा माहेरी गेले होते, मला हे माहीतच नव्हतं. तुम्ही तिला शेजारी बसवून तेच वाक्य इंग्लिशमध्ये करून घेतलंत, मराठी तसंच वर ठेवून. ह्यांनी ती चिठ्ठी पाकिटात ठेवलीय, गाडीच्या लायसन्सच्या मागं.

आता डब्याचं. आपल्यात घरात कोण कुणाला थँक्यू म्हणतंय, आईला म्हटलं तर आई विचारते परकी झालीस काय. पण शेजारणीचा वाडगा रिकामा परत द्यायचा नाही, चिमूटभर साखर तरी घालून द्यायची, हे माझ्या आज्जीपासून चालत आलंय. वड्यांचा डबा दोन दिवसांनी दप्तरातनं आला, मला वाटलं घासून पाठवला असेल, बास. उघडला तर तळाला साखर, आणि वर कागद, तुमच्या अक्षरात, मराठीत. 'वड्या छान झाल्या होत्या. तुमची लेक वर्गात गोष्टी सांगते, त्या तुम्ही तिला सांगितल्यात म्हणून माझं काम सोपं झालं. तुमचे आभार.'

माझे आभार. शाळेनं माझे. मी मोरीत उभी राहून रडले, लेक विचारत होती आई काय झालं आणि मला सांगता येईना. ज्या मराठीमुळं पोरगी मागं पडतेय म्हणून मला सांगितलं होतं, तिच्याबद्दल तुम्ही माझे आभार मानलेत. साखर मी चहात घातली नाही, देवापुढं ठेवली.

२०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा अनोळखी पोरं भाकरी घेऊन यायची, गडबडीत नावं विचारली नाहीत, त्यांचे आभार राहिले ते राहिलेच. अशी माणसं असतात ओ, गल्लीत, शाळेत, कुठं पण, त्यांना आपण काय मोठं केलं असं वाटत पण नाही. तुम्हाला पण तो डबा आठवत नसेल.

लेकीला आता मी रोज रात्री गोष्ट सांगते, आणि हल्ली ती मला एक इंग्लिशमधली सांगते, मधे अडली की मराठीत येते आणि परत जाते.

उद्या तिच्याकडनं तोच डबा पाठवतेय, शेंगदाण्याची चटणी आहे. तुम्हाला तिखट चालतं का ते विचारून ये म्हटलं होतं, ती विसरली. म्हणून थोडी कमी तिखट केलीय.