पहाटे चारची सही

गॅलाशील्स, स्कॉटलंड
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मम्मी,

तुला, पप्पांना आणि घरातल्या सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. चिंगीला आधी माझा पापा दे, मग पुढं वाच.

मागच्या आठवड्यात तू म्हणालीस, पाळकसाहेब विचारत होते, शोभा तिकडं प्रभूचं काय काम करते? महिला मंडळात वाचायला तिची साक्ष मागवा. मी "बघते" म्हणून विषय बदलला. साक्ष कशी असते ते तुला-मला माहीत आहे. आधी संकट, मग उपास-प्रार्थना, मग चमत्कार, आणि शेवटी सगळ्यांचं आमेन. माझ्याकडं तसलं काही नाही. जे आहे ते फोनवर सांगायला गेले तर तू मधेच रडायला लागशील आणि पप्पा मागून "काय म्हणते, काय म्हणते" करत राहतील. म्हणून हे पत्र.

निघताना पाळकसाहेब म्हणाले होते, "गोऱ्यांनी आपल्याला सुवार्ता दिली, आता तू ती परत द्यायला चाललीस." तेव्हा छाती फुगली होती. इथं पहिल्या रविवारी चर्चला गेले तर आत सतरा माणसं, आणि त्यातली सर्वांत तरुण मी! पाळक एकच, तेही तीन गावांच्या मंडळ्या सांभाळतात, त्यामुळं दर रविवारी येतातच असं नाही. देशभर चर्चच्या इमारती विकायला निघाल्यात. कुठं फ्लॅट झालेत, कुठं हॉटेल. आपल्याकडं नाताळच्या उपासनेला दारापर्यंत सतरंज्या टाकाव्या लागतात, ते आठवलं.

उपासनेनंतर एका आजीबाईंनी विचारलं, तुमच्याकडं ख्रिस्ती धर्म कुणी आणला? म्हटलं, तुम्हीच की! इथून बसनं थोड्या अंतरावर लाउडर आहे, तिथले जॉन विल्सन. मुंबईचं विल्सन कॉलेज त्यांच्या नावाचं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. मग एका सुटीच्या दिवशी मीच लाउडरला जाऊन आले. एक मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी घरं आणि १६७३ सालचं, क्रुसाच्या आकाराचं चर्च. दार बंद होतं, बाहेरूनच पाहिलं. पाऊस भुरभुरत होता. याच गावात १८०४ साली जन्मलेला माणूस १८२९ साली मुंबईत उतरतो, कोकणात हर्णै-बाणकोटला राहून मराठी शिकतो आणि १८७५ साली मुंबईतच मरतो. बरोबर आलेली बायको मार्गारेट मुलींच्या शाळा काढते आणि सहाच वर्षांत, १८३५ साली, मुंबईतच जाते. नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्माही १८४३ साली याच स्कॉच मिशनमध्ये झाला. त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली नसती तर आपलं घराणं आज कुठं असतं कोण जाणे. विल्सनसाहेब पंडितांशी जाहीर वादविवाद करायचे म्हणतात. मला मात्र त्या बंद दारापुढं मार्गारेटच आठवत राहिली. परक्या भाषेत पोरींना अक्षरं गिरवायला लावणारी.

चर्चमध्ये आता माझ्याकडं चहाचं काम आहे. दर दुसऱ्या रविवारी किटली माझी. गेल्या वेळी आलं ठेचून टाकलं, तर दोघांनी पुन्हा मागितला आणि एकानं हळूच कुंडीत ओतला. परत दिलेली सुवार्ता म्हणशील तर सध्या एवढीच आहे.

कामावर तर तेवढंही नाही. मी म्हाताऱ्या माणसांना सांभाळते त्या केअर होममध्ये नियम आहे, आपण होऊन धर्माचा विषय काढायचा नाही. त्यांनी विचारलं, प्रार्थना कर म्हणाले, तरच. राजूला वाटतं हा अन्याय आहे, मी सुवार्तेच्या पत्रिका वाटायला हव्यात. त्याला सांग, मला हा नियम पटतो. जो माणूस पलंगावरून उठून जाऊ शकत नाही त्याला पकडून प्रवचन ऐकवायचं, हे मला नाही बरं वाटत. एक आजोबा आहेत, आयुष्यभर मेंढरं राखलेले. आंघोळीला नेलं की मुठी आवळतात. मी पाय धुवायला घेतले की "नको, नको, तू नको" करतात. मला दर वेळी प्रभूचा शिष्य पेत्र आठवतो, "तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत" म्हणणारा. पण मम्मी, खरं सांगू का, प्रभूनं पाय धुतले ते फुकट. मला तासाचे पौंड मिळतात. त्याला सेवा म्हणावं की नोकरी, हा हिशेब माझा अजून लागलेला नाही.

आता जे सांगायचं आहे ते.

रात्रपाळीला आम्ही दोघीच असतो. ज्यांना स्वतःला हलता येत नाही त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, पोटऱ्यांखाली उशी घालायची म्हणजे टाच गादीला टेकत नाही, आणि तक्त्यावर वेळ घालून सही करायची. सप्टेंबरमधल्या एका पहाटे पावणेचारला एक आजोबा संडासात पडले. त्यांना उचलणं, डोकं बघणं, फोन करणं यात पाच वाजले. सहाला मी तक्ते घेऊन बसले आणि सगळ्यांच्या चारच्या रकान्यात सही करून टाकली. सगळ्याच करतात. मीही आधी केली होती, हे तुझ्यापासून लपवत नाही.

सातला एका आजींचे मोजे काढले. उजवी टाच लाल. बोटानं दाबलं. दाबल्यावर पांढरी झाली तर ठीक, सोडलं की रक्त परत येतं. ही पांढरी झालीच नाही. तशीच लाल. तू मिशन दवाखान्यात आया असताना सांगायचीस ना, पेशंटचं तोंड नंतर बघ, आधी पाठ बघ. तुम्ही स्पिरिट-पावडर लावून चोळायचात, इथं चोळायला बंदी आहे, त्यानं आतलं मांस जास्त दुखावतं. बाकी भीती तीच, अंथरुणाला खिळून होणारी तीच जखम.

या आजी मला "हेन" म्हणतात. हेन म्हणजे कोंबडी! पहिल्यांदा मला राग आला होता, मग कळलं की इथं लाडानं म्हणतात, आपण बाळा म्हणतो तसं. कूस बदलली की झोपेतसुद्धा पुटपुटतात, "थँक्यू, हेन." त्या पहाटे चारला ते कुणी म्हटलं नव्हतं, कारण मी गेलेच नव्हते.

नर्सनं तक्ता पाहून विचारलं, "चारला फिरवलं होतंस ना?" मला फक्त मान हलवायची होती. मी नाही म्हणाले.

मला कुणी धाडसी म्हणू नका. नाही म्हणून झाल्यावर मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन उलटी केली. नोकरी गेली तर व्हिसा जातो, दुसरा मालक शोधायला साधारण साठ दिवस मिळतात. आणि ११ मार्च २०२४ नंतर केअरवर्कर म्हणून आलेल्यांना नवरा-मुलं आणता येत नाहीत, म्हणून तर चिंगी तुझ्याजवळ आहे. तिला सोडून आले ते एका खोट्या सहीपायी मातीत जाणार, हेच डोक्यात होतं.

नोकरी गेली नाही. लेखी ताकीद मिळाली. पण सगळ्यांचे तीन महिन्यांचे तक्ते तपासले गेले आणि आणखी दोघींना ताकीद बसली. त्यातली एक नायजेरियाची. माझ्यापेक्षा मोठ्यानं आणि जास्त वेळ प्रार्थना करणारी. ती म्हणाली, "तुझ्या प्रामाणिकपणाचे पैसे माझी मुलं का भरणार?" मला उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही. पाच आठवडे ती माझ्याशी बोलली नाही, मी डबा एकटीच खाल्ला. आता बोलते, कारण हॉइस्टवर, म्हणजे उचलायच्या यंत्रावर, माणूस उचलायला दोघी लागतातच. "वर घे", "थांब", "खाली" एवढंच बोलते.

जबाब लिहून देताना मी एक ओळ वाढवली, की इतक्या माणसांना रात्री दोघी पुरत नाहीत. माझी चूक कबूल केली तर हेही खरंच आहे, तेही सांगायला हवं. त्यावर अजून काही आलेलं नाही, रात्री दोघीच असतो. नियमानं चालायचं तर त्या पहाटे मी आजोबांना फरशीवर सोडून टाचा बघायला जायला हवं होतं का? हे मी रोज प्रभूला विचारते.

आजींची टाच तीन आठवड्यांनी बरी झाली. कातडी फुटली नाही.

आता चारच्या रकान्यात जेव्हा गेले तेव्हाची वेळ घालते. कधी चार वाजून चाळीस, कधी पाच. तक्ता घाणेरडा दिसतो.

पाळकसाहेबांना हे वाचायला द्यायचं का ते तू ठरव. महिला मंडळात वाचलंच तर उलटीचं गाळ, आणि माझ्यासाठी नको, त्या नायजेरियाच्या बाईच्या मुलांसाठी प्रार्थना करायला सांग. मोठ्याच्या फीचं अडलंय.

पैसे बुधवारी टाकलेत. त्यातले दशांशाचे, देवाचा दहावा हिस्सा, बाजूला काढ, पण या वेळी नाताळच्या फंडात नको. गल्लीच्या टोकाला अंथरुणाला खिळलेले काका आहेत ना, त्यांच्यासाठी हवेची गादी घे. जालन्यात मिळाली नाही तर राजूला संभाजीनगरला पाठव. काकूंना बोटानं दाबून कसं बघायचं ते तू दाखव, तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

पप्पांच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आत आणा. चिंगीचे मोजे पार्सलमध्ये आहेत, पायाला मोठे होतील, दुमडून घाला.

तुझी,
शोभा