बागेतल्या कुत्र्यालाही परवाना हवा

महोदय,

मुंबई-पुण्यात कुत्रा पाळायचा तर महानगरपालिकेचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीजप्रतिबंधक लस टोचल्याचा दाखला जोडावा लागतो. आमच्याकडे कोकणातल्या वाड्यांवर हा विषय काढला की लोक तो हसण्यावारी नेतात. वास्तविक परवान्याची गरज शहरातल्या सदनिकेपेक्षा आमच्या आंब्याच्या बागांना अधिक आहे.

हापूसच्या हंगामात राखणदार आणि कुत्रा यांच्याशिवाय वानर-माकडांपासून फळ वाचत नाही. राखणदार बहुतेक नेपाळहून आलेले असतात. पावसाळा संपल्यावर ते येतात, बागेतल्या मांगरात (झोपडीवजा घरात) राहतात आणि मेअखेर आंबा उतरला की आपल्या मुलखात परततात. मागे राहिलेला कुत्रा काही दिवस बंद मांगराच्या दारात घुटमळतो आणि मग भुकेपोटी वाडीत शिरतो. तो कोणाचा, असे विचारावे तर बागमालक राखणदाराचे नाव सांगतो आणि बाग कराराने घेणारा व्यापारी मालकाकडे बोट दाखवतो. कुत्र्याला लस टोचली होती की नाही, हे त्यांच्यापैकी कोणालाच सांगता येत नाही.

कुत्रा चावलेले मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात आणले की डॉक्टर नेमके हेच विचारतात. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुणे आणि लसीचे डोस वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण करणे हे कोणत्याही परिस्थितीत करायचेच असते, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु चावलेल्या कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवता आली आणि तो ठणठणीत राहिला, तर चावा घेताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता हे कळते. ज्या कुत्र्याला धनीच नाही, त्याच्यावर नजर कोण ठेवणार? त्या मुलाच्या आईबापांनी ते दिवस कसे काढायचे?

आपल्या गोठ्यातल्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्यावरच्या 12 अंकी क्रमांकावरून तिचा मालक आणि लाळ्या-खुरकूताची लस यांची नोंद सापडते. त्याच गोठ्याच्या दारात झोपणाऱ्या कुत्र्याची नोंद कुठेच नसते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे पाळीव प्राण्याचे लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे. तथापि मालक कोण हेच कागदावर नसेल तर जबाबदारी टाकायची कोणावर? म्हणून ग्रामपंचायतीने कुत्र्यांची नोंदवही ठेवावी, बागेतल्या कुत्र्याचा मालक म्हणून बागमालकाचेच नाव लिहावे (बाग कराराने दिलेली असली तरीही), आणि लस टोचल्याची नोंद झाल्यावर गळ्यात बांधायला क्रमांकाचा बिल्ला द्यावा. लसीकरणाचे शिबिर वर्षातून एकदा, राखणदार बागांवर रुजू झाल्यावर, वाडीतच भरवावे. कुत्र्याला बांधून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेणे एसटीने प्रवास करणाऱ्या माणसाला शक्य नाही. शुल्क अगदी नाममात्र असावे. ते जड झाले तर लोक परवाना काढण्याऐवजी कुत्री रस्त्यावर सोडून देतील, आणि मग हा सगळा खटाटोप उलटा अंगावर येईल.

हे घडू शकते, याचा दाखला सिंधुदुर्गाच्या सीमेपलीकडेच आहे. गोव्यात सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांनी गावोगाव फिरून, घरातल्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली. 2017 नंतर काही वर्षे तेथे रेबीजने माणूस दगावल्याची एकही नोंद झाली नाही. तिथली माती, पाऊस आणि माणसे आपल्यासारखीच आहेत.

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी हा विषय मी आमच्या ग्रामपंचायतीकडे लेखी देत आहे आणि नोंदवही सुरू झाल्यास माझ्या बागेतल्या दोन्ही कुत्र्यांची नोंद पहिल्याच दिवशी करीन. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधल्या बागायतदारांनीही आपापल्या ग्रामसभेत हा विषय मांडावा आणि जिल्हा परिषदांच्या पशुसंवर्धन विभागांनी राखणदार बागांवर येण्याआधी लसीच्या मात्रांची तरतूद करून ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक आंबा बागायतदार,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी