लॅमिनेट फ्लोअरिंग घेताना खोक्याची मागची बाजू वाचा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या घरसजावटीच्या पानावर लॅमिनेट फ्लोअरिंगविषयी आलेला लेख वाचला. भिंतींचा रंग, खोलीतला उजेड आणि लाकडाची छटा यांचा मेळ कसा घालावा हे त्यात चांगले सांगितले आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र असे फ्लोअरिंग किती वर्षे टिकेल हे ज्या गोष्टींवर ठरते, त्यांपैकी जवळजवळ एकीचाही उल्लेख लेखात आढळला नाही, म्हणून हे पत्र. मी बांधकाम व्यवसायातला नाही. दोन खोल्यांचे फ्लोअरिंग एकदा चुकीचे आणि एकदा बरोबर बसवून घेतलेला ग्राहक एवढाच माझा अधिकार आहे.

लॅमिनेट म्हणजे लाकडी जमीन, हा समज आधी दूर करायला हवा. वरून दिसते ते कागदावर छापलेले लाकडाचे चित्र असते. त्यावर मेलामाइन राळेचा पारदर्शक थर असतो आणि त्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात. पायांबरोबर आलेली रेती आणि खुर्च्यांची ओढाताण हेच कण सोसतात. चित्राखाली लाकडाचे तंतू राळेबरोबर दाबून केलेला घट्ट गाभा असतो, ज्याला व्यवहारात एचडीएफ म्हणतात, आणि सर्वांत खाली फळी वाकू नये म्हणून वरच्या थराचा ताण तोलणारा आणखी एक थर. टेबलाच्या पृष्ठभागावर चिकटवतात त्या जातीचे पातळ लॅमिनेटच जमिनीवर आणण्याची कल्पना स्वीडनमधील पेर्स्टॉर्प या कंपनीने १९७७ मध्ये प्रत्यक्षात आणली. खटकन अडकणारे, गोंद न लागणारे सांधे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. त्याआधी प्रत्येक सांध्यात गोंद भरावा लागे. या रचनेचा ग्राहकाच्या दृष्टीने सरळ अर्थ असा की, खऱ्या लाकडाप्रमाणे हा पृष्ठभाग घासून, पॉलिश करून पुन्हा नवा करता येत नाही. चित्रावरचा थर झिजला की ती फळीच बदलावी लागते.

दुकानात पहिला प्रश्न बहुधा जाडीचा निघतो. ६ मिलिमीटरपासून १२ मिलिमीटरपर्यंत फळ्या मिळतात आणि जितकी जाड तितकी टिकाऊ असे विक्रेता सांगतो. जाड फळी पायाखाली कमी पोकळ वाजते, तिच्या सांध्याची खाच भक्कम कापता येते आणि तळातला किरकोळ उंचसखलपणा ती थोडा अधिक सांभाळून घेते, इतके मान्य करावे लागेल. परंतु झिजेला तोंड देणारा वरचा थर मिलिमीटरच्या काही अंशांइतकाच असतो आणि जाड फळीवर तो अधिक दणकट असेलच असे नाही. म्हणजे बारा मिलिमीटरची फळी आठ मिलिमीटरच्या फळीपेक्षा लवकर विटू शकते. सारख्या मापाचे दोन नमुने दोन हातांत धरून पाहावेत. जो जड लागेल त्याचा गाभा अधिक घट्ट. हलक्या गाभ्याच्या १२ मिलिमीटरपेक्षा घट्ट गाभ्याची ८ मिलिमीटरची फळी मी केव्हाही पसंत करीन.

झिजेविषयी खरी माहिती खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. लॅमिनेट फ्लोअरिंगसाठी ईएन १३३२९ हे युरोपीय मानक आहे आणि त्यातील ‘एसी’ या श्रेण्या झीज मोजतात: घासकागद लावलेली चाके नमुन्यावर फिरवून किती फेऱ्यांनंतर छापील चित्र उडू लागते ते पाहतात आणि त्यावरून एसी १, एसी २ असा अंक देतात. त्याच खोक्यावर घराच्या किंवा इमारतीच्या चित्राशेजारी दोन आकडी वर्गही असतो. २१, २२, २३ हे घरगुती वापराचे आणि ३१, ३२, ३३ हे व्यावसायिक वापराचे वर्ग. विक्रेते एसीचा अंक मोठ्याने सांगतात आणि वर्गाविषयी सहसा काही बोलत नाहीत. माझ्या मते ग्राहकाने नेमके उलटे करावे. एसी हा एकट्या झिजेचा निकाल आहे, तर वर्ग मिळण्यासाठी वस्तू पडल्यावरचा आघात, डाग, खुर्चीची चाके, पाण्याने फुगणे अशा सगळ्या चाचण्यांत त्या पातळीला उतरावे लागते. झिजेत उत्तम पण फुगण्यात कच्ची फळी त्यामुळे वरच्या वर्गात बसत नाही. झोपण्याच्या खोलीला वर्ग २२ चालून जातो. जिथे येजा अधिक आहे त्या दिवाणखान्याला आणि घराच्या दारालगतच्या भागाला २३ किंवा ३१, म्हणजे झिजेच्या भाषेत एसी ३, आणि मुले, पाळीव प्राणी किंवा चाकांची खुर्ची असल्यास ३२, म्हणजे एसी ४, घ्यावा. याहून वरचे काही घरासाठी घेणे मला तरी अनाठायी वाटते.

आता पाणी. एचडीएफ हा शेवटी लाकडाच्या तंतूंचाच असल्याने पाणी प्यायला की तो फुगतो आणि वाळल्यावर पूर्वीच्या मापावर परत येत नाही. फळीचा तुकडा २४ तास पाण्यात बुडवून जाडी किती टक्के वाढली ते मानकानुसार तपासले जाते आणि हा आकडा माहितीपत्रकात मिळतो, पण मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही. दुसऱ्यांदा फ्लोअरिंग घेताना मी दोन दुकानांतून ८ मिलिमीटरच्या फळ्यांचे कापलेले तुकडे मागून आणले, एका पातेल्यात रात्रंदिवस बुडवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी व्हर्निअर कॅलिपरने मोजले. एक ८.९ भरला. दुसरा जवळपास १० झाला होता आणि त्याच्या कडेचा छापील कागद नखाने उचलला जात होता. घरच्या पातेल्यातली ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण दोन मालांत निवड करायला तेवढी पुरली. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाबाबतही सावध राहावे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की वरून सांडलेले पाणी ठरावीक तासांपर्यंत सांध्यांतून आत शिरणार नाही. भिंतीकडेच्या उघड्या कापातून किंवा खालून येणाऱ्या ओलीला हे आश्वासन लागू नसते. न्हाणीघरात म्हणूनच लॅमिनेट घालू नये. ते पुसायचे तेही घट्ट पिळलेल्या फडक्याने. वाफेच्या यंत्राने तर कधीच नाही.

एवढे सगळे पाहून घेतले तरी बसवणारा चुकला की उपयोग नाही, हे मी पहिल्या वेळी शिकलो. बसवल्यानंतर काही महिन्यांनी, हवा दमट असलेल्या दिवसांत, दिवाणखाना आणि आतल्या खोलीमधल्या दारात दोन फळ्यांचा सांधा छपरासारखा उचलला गेला. पाय ठेवला की तो खाली जाई आणि पाय काढला की पुन्हा वर येई. आम्ही आठवडाभर त्यावर वह्यापुस्तकांचे खोके ठेवून पाहिले. शेवटी एका जुन्या सुताराला बोलावले. तो त्या फुगवट्याकडे न जाता थेट समोरच्या भिंतीशी जाऊन बसला आणि त्याने स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, काढले. फळीची कड गिलाव्याला इतकी भिडली होती की तिथे गिलाव्याचा पांढरा भुगा झालेला दिसत होता. लॅमिनेट तळाला चिकटवलेले किंवा ठोकलेले नसते, ते नुसते तरंगत असते, आणि हवेतल्या दमटपणाबरोबर सगळा पसारा काही मिलिमीटर वाढतो व कोरड्या हवेत आकसतो. त्या वाढीसाठी चारी भिंतींपासून आणि पाइपांभोवतीही साधारण ८ ते १० मिलिमीटर जागा मोकळी सोडायची असते. ती झाकण्यासाठीच स्कर्टिंग असते. आमच्याकडे फट नव्हती. शिवाय दोन्ही खोल्या दारात न तोडता सलग घातल्या होत्या. अनेक उत्पादक ८ ते १० मीटरपलीकडे सलग घालू देत नाहीत आणि दाराच्या चौकटीखाली टी आकाराची जोडपट्टी टाकायला सांगतात. ती पट्टी दिसायला नको म्हणून आम्हीच बसवणाऱ्याला नाही म्हटले होते. त्या चुकीतला हा आमचा वाटा. सुताराने भिंतीकडेची फळी कापल्यावर फुगवटा तीन-चार दिवसांत आपोआप बसला, पण त्या सांध्याच्या कडा कायमच्या पांढरट झाल्या. याच कारणासाठी भिंतीत बसवायची जड कपाटे तरंगत्या फ्लोअरिंगवर ठेवू नयेत, कारण एका टोकाला ते दाबून धरले की सगळी हालचाल दुसऱ्या टोकाला जाऊन साठते.

तळाची तपासणी ग्राहकाने स्वतः उभे राहून करून घ्यावी. २ मीटरची सरळ पट्टी जमिनीवर ठेवून तिच्याखाली ३ मिलिमीटरपेक्षा अधिक पोकळी दिसली तर तळ आधी समतल करावा, नाहीतर त्या पोकळीवर प्रत्येक पावलाला सांधा वाकतो आणि एक दिवस त्याची खाचेत अडकणारी जीभ तुटते. सिमेंटचा कोबा नवा असेल तर तो आतून वाळलेला आहे की नाही हे यंत्राने मोजून घ्यावे. हाताला कोरडा लागणे पुरेसे नाही. जुन्या कोब्यावरही ०.२ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा ओलरोधक कागद आधी अंथरावा. त्यावरचा अंडरले, म्हणजे फळ्यांखाली घालायचे अस्तर, जितका मऊ तितका चांगला, ही आणखी एक चुकीची समजूत. जाड, मऊ फोमवर चालायला पहिले काही दिवस सुखद वाटते, पण फळ्या खालीवर होत राहतात आणि सांधे सैल पडतात. २ ते ३ मिलिमीटरचा, दाबला असता सहज न चेपणारा अंडरले घ्यावा. फळीलाच खाली तो चिकटवलेला असेल तर दुसरा घालू नये. खोकी आणल्यावर निदान ४८ तास ती ज्या खोलीत वापरायची तिथेच आडवी पडू द्यावीत.

आरोग्याचा मुद्दा आपल्या लेखात अजिबात नव्हता. गाभ्यातील तंतू जोडणाऱ्या राळेतून फॉर्माल्डिहाइड हा वायू हळूहळू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली आहे. खोक्यावरील ‘ई १’ या खुणेचा अर्थ, चाचणीच्या कक्षातील हवेत हे प्रमाण घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅमच्या आत राहिले, असा होतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार लाकडापासून केलेल्या अशा वस्तूंसाठी ऑगस्ट २०२६ पासून ही मर्यादा ०.०६२, म्हणजे निम्मी, ठरली आहे. त्यामुळे ई १ पाहून समाधान मानण्यापेक्षा प्रत्यक्ष मोजलेला आकडा विचारावा आणि बसवल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ज्या खोक्यावर उत्सर्जनाविषयी एक अक्षरही छापलेले नाही, त्याचा रंग कितीही आवडला तरी ते परत ठेवावे, हे माझे ठाम मत आहे.

रंगाबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखे थोडेच आहे. तळहाताएवढ्या नमुन्यावरून निवड करू नये. तीन-चार पूर्ण फळ्या खोलीत मांडून सकाळी आणि दिव्याच्या उजेडात पाहाव्यात, कारण एकाच छापाची फळी किती वेळा पुन्हा येते हे तेव्हाच कळते. चकचकीत गडद फळीवर धूळ आणि ओरखडे आधी दिसतात. मोजलेल्या क्षेत्रफळापेक्षा सरळ मांडणीला ५ ते ७ टक्के आणि तिरप्या मांडणीला सुमारे १० टक्के माल अधिक घ्यावा, सगळी खोकी एकाच लॉटची आहेत ना ते पाहावे आणि उरलेल्या फळ्या फेकून न देता पलंगाखाली सपाट ठेवाव्यात. तो छाप बाजारातून गेला की त्याच फळ्या कामी येतात. आमच्या दारातल्या दोन पांढऱ्या पडलेल्या फळ्या अशाच बदलता आल्या.

आपल्याला विनंती एवढीच की, या पानावर यापुढे एखाद्या फ्लोअरिंगचे छायाचित्र छापताना छटेच्या नावाबरोबर त्याचा वापराचा वर्ग, फुगण्याचा टक्का आणि फॉर्माल्डिहाइडचा आकडाही छापावा. तिन्ही मिळून एका ओळीत मावतात.

आपला,
एक नियमित वाचक