तिकीट कापू नका, कागद जपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माळा आवरताना पत्र्याची एक पेटी सापडली. तीत आजोबांचे जमिनीचे कागद होते, सगळे औंध संस्थानच्या काळातले. १९३६ सालचा एक मोडी अर्ज आहे. त्याच्या कडेला आठ आण्यांचे कोर्ट फी तिकीट, म्हणजे अर्जाची फी भरल्याची खूण, चिकटवलेले असून तिकिटाला भोक पाडलेले आहे. जुनी तिकिटे घेणाऱ्या एका गृहस्थांना फोटो पाठवला. त्यांचे उत्तर आले, "तिकीट तेवढं कापून द्या, कागदाचं काय करायचं?" त्या उत्तरामुळे हे पत्र लिहितो आहे.

ते भोक म्हणजे खराबी नव्हे. तेच तिकीट पुन्हा कोणी वापरू नये म्हणून कचेरीत पंच मारत. ब्रिटिश हद्दीत तर १८७० च्या कोर्ट फी कायद्यातच लिहिले होते की, तिकिटावरचे चित्र छेदावे, रकमेला धक्का लावू नये. भोक पडले म्हणजे अर्ज दाखल झाला.

औंध संस्थान होते जेमतेम ७२ गावांचे आणि तेही एकसलग नव्हे. औंध साताऱ्याकडे, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, गुणदाळ थेट विजापूरकडे. संस्थानचे स्वतःचे टपाल नव्हते. पत्रावर लागे ते इंग्रजांच्या राजाचे तिकीट, कोर्टाच्या अर्जावर मात्र औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांच्या संस्थानचे. टपाल तिकिटांच्या नेहमीच्या कॅटलॉगांत औंध शोधून सापडत नाही ते यामुळेच. सामान्य रयतेच्या हातात संस्थानची जी थोडी निशाणी येई, ती अशा अर्जांवर आणि दस्तांवर.

बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपवला. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. त्यामुळे कागद नेमका कोणत्या सालचा, कोणत्या गावचा, याला फार मोल आहे. घटनेच्या आधी माणसे कशासाठी भांडत, नंतर कशासाठी, हे तिथे वाचायला मिळते. सुटे तिकीट यातले काहीही सांगत नाही.

औंधच्या टेकडीवरच्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे शिल्प पाहायला लोक लांबून येतात. त्याच दालनांत संस्थानी दस्तांचे एखादे कपाट असावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी निदान फोटो काढून ठेवावेत आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवावेत. लॅमिनेशन करू नये, सेलोटेप तर मुळीच लावू नये.

आमचा अर्ज एका मोडी वाचकाने वाचून दिला. शेजाऱ्याने बांध कोरल्याची ती तक्रार होती. पेटीत त्याच दाव्याच्या निकालाची नक्कलही आहे. तिच्या डोक्यावर चौकोनी खिडकी पडली आहे. कोणीतरी पूर्वीच तिकीट कापून नेले. कागद पाठपोट लिहिलेला असल्यामुळे तिकिटाबरोबर मागच्या चार ओळी गेल्या, आणि निकाल नेमका त्याच ओळींत होता. बांध कोणाच्या बाजूने लागला, हे आता आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही.

आपला,
एक वाचक, विटा