मामा, तुम्ही नुसत्या बसलात त्याबद्दल

मामा,

आधी एक गंमत सांगते. आमच्या मराठीत मामा म्हणजे आईचा भाऊ. त्यामुळं मी केनियातून घरी फोन करून "आज मामांनी उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) वाढली, मामा माझ्यावर चिडल्या" असं काही सांगितलं की आई म्हणायची, अगं हा मामा नक्की कोण आणि चिडल्या काय? शेवटपर्यंत तिला ते पचलं नाही. तुमच्याकडं मामा म्हणजे आई, हे तिला चारदा तरी सांगितलं असेल.

मी हे मराठीत लिहितेय, तुम्हाला वाचता येणार नाही हे माहितीये. तुमच्या नातीला मी फोनवर इंग्लिशमध्ये सांगीन, ती तुम्हाला लुओमध्ये सांगेल, आणि या हातातून त्या हातात जाताना निम्मं सांडेल. सांडू दे. पण इथल्या लोकांनीही हे वाचावं असं मला वाटतंय, कारण केनियातून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, तू तिथं जाऊन काय केलंस, आणि मग मी खो-खो शिकवला, वाचनाचा वर्ग घेतला वगैरे सांगते, लोक वा वा म्हणतात, आणि तुमचं नाव कुठंच येत नाही. परवा तुमच्या नातीची व्हॉइस नोट आली आणि ती ऐकल्यापासून हे डोक्यातून जात नाहीये, रात्री झोप येईना, म्हटलं आता लिहूनच टाकते.

मे २०२३. होमा बे गावाच्या त्या मटाटू (तिकडची वडाप) स्टॉपवर मी उतरले तेव्हा नुसता पाऊस कोसळत होता. ज्या लोकांनी मला पाठवलं होतं त्यांचं नाव घेत नाही, घेऊन तरी काय होणार. फी घेतली होती भरपूर, दोन दिवस पीपीटी दाखवली, टी-शर्ट दिला, "तुम्ही बदल घडवणार आहात" असं सांगितलं, आणि घ्यायला कोण आलं? कोणीच नाही. फोन लागेना. दोन तास एका दुकानाच्या पत्र्याखाली सॅकवर बसून राहिले (दुकानाला तिकडं पण दुकाच म्हणतात, साबणाला साबुनी आणि पुस्तकाला किताबू, त्या दोन तासांत तेवढाच काय तो दिलासा). शेवटी शाळेचे हेडसर बोडाबोडावर भिजत आले आणि त्याच मोटरसायकलवर मला मागं बसवून घेऊन गेले. शाळेच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये तुम्ही होतात, तीन दगडांवर ते भलंमोठं पातेलं, त्यात मका आणि राजम्याची गिथेरी. माझ्या केसातून पाणी गळत होतं. तुम्ही वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, अकोथ. मला वाटलं काहीतरी शिवी आहे. नंतर कळलं की लुओ लोकांत मूल कधी जन्मलं त्यावरून नाव ठेवतात, रात्रीची ती अतिएनो, सकाळची ती अकिन्यी, पावसातली ती अकोथ. तेव्हापासून त्या गावात माझं खरं नाव कोणी विचारलंच नाही.

तुमच्या शाळेत माझ्या आधी बरेच येऊन गेले होते. ऑफिसच्या भिंतीवर रंगाचे पंजे होते, आणि त्या पंजांखाली आधीच्या वर्षीचे पंजे, आणि त्याच्याखाली अजून एक थर. येतात, भिंत रंगवतात, मुलांना कडेवर घेऊन फोटो काढतात, पंधरा दिवसांत गायब. आणि लायब्ररी म्हणून जी खोली होती तिथं दान आलेल्या पुस्तकांचे खोके, त्यात एक स्कीइंग कसं करावं याचं पुस्तक! विषुववृत्ताच्या शेजारी, जिथं पोरांनी बर्फ बघितला तर सोड्याच्या बाटलीभोवतीच. मी त्याच्यावर हसत होते आणि हेडसर माझ्याकडं बघत होते, ते का बघत होते ते मला फार उशिरा कळलं. त्यांच्या लेखी मीही एक खोकाच होते, आलेला.

इथं सगळ्यांना वाटतं केनिया म्हणजे धावणं. ते धावणारे बहुतेक रिफ्ट व्हॅलीच्या डोंगरातले, इटेन वगैरे, दोन हजार चारशे मीटर उंचीवरचे. तुमचा भाग व्हिक्टोरिया तळ्याकाठचा, मासे आणि फुटबॉल. त्यात गोर माहिया हा फुटबॉल क्लब म्हणजे तर देवच. तुम्हीच मला सांगितलं होतं की १९८७ ला गोर माहियानं आफ्रिकेचा कप जिंकला तेव्हा तुम्ही रेडिओला कान लावून बसला होतात आणि घरातली उगाली करपली. तर पोरांनी सगळं ग्राउंड फुटबॉलला घेतलेलं, मुलींना कोपरा, तोही बाभळीच्या काट्यांचा. मी फलटणची, आमच्याकडं खो-खो रक्तात असतो, म्हटलं याच्यापेक्षा बरा खेळ कुठला, बॉल नको, बूट नको, दोन खांब रोवले की झालं. नैरोबीच्या माथारे झोपडपट्टीमध्ये १९८७ पासूनच एक फुटबॉल लीग चालते, तिथं मॅच जिंकण्याचे जसे गुण मिळतात तसे वस्तीतला कचरा साफ करण्याचेही मिळतात, ते वाचून मी ठरवलं होतं की आपणही खेळाला वाचनाचे गुण जोडायचे, वहीत तक्ता आखून ठेवलेला, रंगीत पेनानं.

पहिल्याच दिवशी पचका. हेडसर म्हणाले प्रॅक्टिस सा कुमी, म्हणजे दहा वाजता. शनिवार होता, मी सकाळी दहाला जाऊन शिट्टी घेऊन उभी, ग्राउंडवर दोन शेळ्या. तुमच्याकडं तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, सा कुमी म्हणजे दुपारचे चार, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पीपीटीत तर नव्हतंच. तुम्ही शेडमधून बघून इतक्या हसलात की हातातला डाव खाली पडला.

चारला आल्या चार मुली. दुसऱ्या दिवशी चार. आठवड्यानं तीन. खो-खोला नुसती पाटी बसवायची तरी आठ जणी लागतात आणि नववी धावायला, तीन मुलींत काय खो देणार, डोंबल? मी पालकांच्या परवानगीचे कागद वाटले, पोस्टर लावली, घरोघर गेले, प्रत्येक घरी चहा प्यायले, प्रत्येक आई हो हो म्हणाली आणि एकही पोरगी आली नाही. मग मी वैतागले, खरं सांगते, मनात म्हटलं यांनाच नको असेल तर मी काय करू. पाठवणाऱ्या लोकांना मेल टाकली तर त्यांचं उत्तर, ॲक्टिव्हिटीचे फोटो पाठवा.

आणि मग तो जूनमधला मंगळवार की बुधवार. चार वाजता तुम्ही आलात, डोक्यावर ओमेनाची पाटी, अंगावर तो हिरवा लेसो, पांघरायचं कापड. काही बोलला नाहीत. ग्राउंडच्या कडेला, जिथून रस्ताही दिसतो आणि खांबही दिसतात, तिथं लेसो अंथरलात, पाय लांब केलेत आणि ओमेना निवडायला लागलात. ती चिमुकली वाळलेली मासळी, त्यातले खडे आणि कचरा एकीकडं, मासे एकीकडं. मला वाटलं बसल्या असतील ऊन खात. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी मुली अकरा. पुढच्या आठवड्यात एकोणीस. महिन्याच्या शेवटी सव्वीस आणि तुमच्या शेजारी पाणी भरायच्या पिवळ्या जेरीकॅनची अख्खी रांग, कारण मुलींना घरून सांगितलेलं, मामांपाशी कॅन ठेवा, खेळा, मग सगळ्या मिळून पाण्याला जा.

मला कळेचना काय झालं. मी आपली समजत होते की माझी पोस्टर लागू पडली! शेवटी हेडसरांनी सांगितलं. संध्याकाळी ग्राउंडच्या रस्त्याला बोडाबोडावाली पोरं टोळकं करून असतात, मोठी मुलं असतात, आणि तुमच्या काउंटीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी जवळजवळ चौथी मुलगी गरोदर राहिलेली असते (२०२२ च्या सरकारी पाहणीत तेवीस टक्के होतं), कुठली आई चार वाजता पोरीला एका परक्या बाईच्या भरवशावर सोडेल? मी आज आहे, उद्या नाही. कागदावर सही मागणारी मी कोण? पण मामा बसल्यात म्हटल्यावर विषय संपला. शाळेत रोज पोरांना जेवायला घालणारी बाई बसलीय ना, मग जा.

मामा, एवढं साधं मला दिसलं नाही. आणि मला ते दिसायला हवं होतं, कारण मी लहान असताना आमच्या सरांच्या बायको रोज संध्याकाळी ग्राउंडवर यायच्या, बाकड्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. आम्ही मुली त्यांची टिंगल करायचो, काकूंना घरात जागा नाही वाटतं. वीस वर्षांनी होमा बेमध्ये तुमच्याकडं बघता बघता मला एकदम काकू दिसल्या. माझ्या आईनं मला खेळायला सोडलं ते सरांच्या भरवशावर नाही, त्या सुपाच्या भरवशावर. काकू गेल्या आता, त्यांना थँक्यू म्हणायचं राहिलं. तुमचं राहू नये.

अजून एक मला नंतर कळलं आणि त्याचीच टोचणी जास्त आहे. चार ते सहा हीच बाजाराची वेळ. तुम्ही शाळेतलं काम उरकून रोज त्या वेळेला ओमेना विकायला बसायचात, गोरोगोरोच्या, म्हणजे मापाच्या, डब्यानं मापून, आणि नातीच्या शाळेचा खर्च त्यातून निघायचा. म्हणजे तुम्ही माझ्या ग्राउंडवर जी मासळी निवडत होतात ती त्या दिवशी विकलीच जात नव्हती. मला कोणी बोललं नाही, तुम्ही तर नाहीच. कळलं तेव्हा मी शहाणपणा करून तुम्हाला एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून, पाचशे शिलिंग पाठवले. दहा मिनिटांत परत आले. पाचशेच्या पाचशे, वर पाठवायचा चार्ज पण तुम्हीच भरलात! मी शेडमध्ये आले तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणालात, ग्राउंड काय तुझं आहे का? बास. एवढंच. तुम्ही माझ्यावर चिडल्याची ती एकमेव वेळ, आणि मी त्या रात्री रडले. ज्यांनी माझी फी घेतली त्यांच्याकडून मला अजून एक रुपया परत आलेला नाही, ते जाऊ दे.

लोक मला म्हणतात तू आफ्रिकेत जाऊन सेवा केलीस. मला आता तो शब्द ऐकला की कसंतरी होतं. सेवा करणाऱ्याचा फोटो असतो. तुमचा त्या सात महिन्यांतला एकही फोटो माझ्याकडं नाही, मी सगळे मुलींचे काढले, आणि परवा झूम करून करून बघितलं तर तीन फोटोंत कोपऱ्यात हिरवं काहीतरी आहे, तेच तुम्ही. चांगली माणसं बहुतेक अशीच असतात का, फोटोच्या कडेला? आमच्याकडं पण आहेत म्हणा, एसटीत रात्री एकट्या मुलीच्या शेजारी मुद्दाम येऊन बसणाऱ्या मावश्या, बोलत नाहीत काही, नुसत्या बसतात.

जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, केनियाच्या मुली आल्या होत्या खेळायला. आपल्या गावातली अर्थातच कोणी नव्हती, तरी मी टीव्हीसमोर अशी ओरडत होते की बाबा म्हणाले अगं तू नक्की कुठल्या बाजूची. जिंकल्या आपल्याच, म्हणजे भारताच्या. पण मी त्या केनियाच्या मुलींच्या मागं, बाउंड्रीच्या पलीकडं कोणी बसलंय का तेच शोधत होते.

परवाच्या व्हॉइस नोटमध्ये नात म्हणाली की तुमचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही, म्हणून आता शाळेतली खुर्ची नेता. मी जाऊन इतके दिवस झाले, मला वाटलं होतं खांब तरी उभे असतील की नाही, आणि तुम्ही अजून बसताय! आणि म्हणे आता अजून दोघी येऊन बसतात, बाजाराचे वार तुम्ही तिघींनी वाटून घेतलेत. मागून मुलींचा आवाज येत होता, खो, खो, आणि कोणीतरी जेरीकॅन लाथेनं पाडला तो आवाज, आणि तुम्ही त्यावर ओरडलात ते पण ऐकलं मी. तीनदा ऐकलं.

एरोकामानो, मामा. एरोकामानो अहिन्या. (इथल्यांसाठी: लुओमध्ये थँक्यू, खूप खूप थँक्यू.)

आमच्या ओळखीतलं एक जण पुढच्या महिन्यात किसुमूला जातंय, त्यांच्याबरोबर एक सोलापुरी चादर पाठवतेय. दुकानात लाल, निळी, चॉकलेटी सगळ्या होत्या, हिरवीसाठी चार दुकानं फिरले, गोर माहियाचा हिरवा अगदी तस्साच नाहीये पण जवळपास आहे. खुर्चीवर घडी करून टाका, गुडघ्याला बरं पडेल. आणि पेटीत ठेवून देऊ नका, मी नातीला फोटो काढायला सांगितलाय, तुमचा, मधोमध.

तुमची,
अकोथ